पिसाचे दीडच वेढे: साताऱ्यात बसून ट्राउटसाठी वेट फ्लाय बांधायला शिकताना

आधी स्टीलच्या पेल्यात पाणी भरून टेबलावर ठेवा. गळ, धागा, पीस या सगळ्याच्या आधी तो पेला. नवीन माणूस शिकायला बसला की मी पहिलं हेच सांगते.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला साताऱ्याला आला होता. वय तेरा, हात चपळ. त्याने पहिली फ्लाय, म्हणजे माशाला फसवायला गळावर बांधलेला बनावट किडा, बांधली ती लग्नातल्या फेट्याच्या तुऱ्यासारखी भरगच्च. पिसाचे सात-आठ वेढे दिलेले. मी बांधलेली शेजारी ठेवली, तर ती त्याला अर्धवट वाटली. "मावशी, तुझं पीस संपलं का?" म्हणाला. दोन्ही पेल्यात सोडल्या. त्याच्या फ्लायचं पीस पाणी पिऊन गळाला चिकटलं, ओल्या कापसाचा बोळा झाला. माझ्या फ्लायचे दहा-पंधरा तंतू पाणी जरा ढवळलं की मिटायचे, पाणी थांबलं की उलगडायचे. तो पेला हातात धरून बराच वेळ बघत बसला, मग स्वतःच ब्लेड घेऊन आपली फ्लाय उसवायला लागला. वेट फ्लायमध्ये शिकायचं ते एवढंच आहे: सामान कमी वापरायचं, आणि ते कमी सामान नीट बसवायचं. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

कुठली फ्लाय, आणि कशासाठी

धागा, पीस, लोकर असं काहीबाही गळावर बांधून फ्लाय करतात. पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय, पाण्याखाली चालते ती वेट फ्लाय. ट्राउट हा मासा आपलं बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतो. ओढ्याच्या तळाशी दगडांखाली वाढलेले किडे पंख फुटायच्या वेळी वर यायला लागतात. त्या वर येण्याच्या धडपडीत ते सर्वांत सोपी शिकार असतात, आणि आपण नक्कल करायची ती नेमकी त्या अवस्थेची.

शिकायला मी पार्ट्रिज अँड ऑरेंज ही फ्लाय निवडली आहे. उत्तर इंग्लंडमधल्या, यॉर्कशायरकडच्या वेगवान नद्यांवर ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. तिच्यात दोनच गोष्टी लागतात: अंगाला नारिंगी रेशीम आणि पुढे एक ठिपकेदार मऊ पीस. पंख नाहीत, शेपूट नाही. अशा फ्लायना तिकडे 'स्पायडर' म्हणतात, कारण पाण्यात पिसाचे तंतू कोळ्याच्या पायांसारखे पसरतात.

ट्राउट आपल्या कृष्णेत नाही, कोयनेतही नाही. त्याला बारमाही गार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो कासावीस होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे त्याला झेपणार नाही. भारतात तपकिरी ट्राउट बाहेरून आला. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांमधून तो काश्मीरमध्ये रुजला, पुढे हिमाचलच्या नद्यांत सोडला गेला. मी वर्षातून एकदा कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर जाते. तिथे परवाना काढावा लागतो, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीच्या काळात ट्राउटची मासेमारी बंद असते. उरलेले महिने मी इथे घरी बसून फ्लाय बांधते आणि सराव चिलापीवर करते. चिलापी छोटी वेट फ्लाय आनंदाने घेते. मात्र आपल्याकडच्या तलावांवर आणि धरणांवर मासेमारीचे ठेके असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारा.

सामान

गळ. फ्लायच्या गळांचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान. तीर्थनवर मी १२ आणि १४ नंबर वापरते, पण पहिल्या दोन डझन फ्लाय १० नंबरवर बांधा. बोटांना जागा मिळते आणि चुका दिसतात. बाजारपेठेत मासेमारीच्या दुकानात मिळणारे गळ मरळ-वांबीसाठीचे असतात, जाड आणि मोठे. वेट फ्लायचे गळ ऑनलाइनच मागवावे लागतील. घेताना 'वेट' लिहिलेले बघा, त्यांची तार थोडी जाड असते आणि त्या वजनाने फ्लाय बुडते.

रेशीम. इथे नवखे हमखास फसतात. भरतकामाच्या दुकानात 'सिल्क थ्रेड' म्हणून जो चकचकीत धागा मिळतो तो बऱ्याचदा रेयॉन असतो. बोटभर तुकडा जाळून बघा. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला काळी, चुरगळणारी गाठ राहते. रेयॉन कागदासारखा भुरभुर जळतो. रेयॉनने फ्लाय बांधली जाते, पण ओला झाला की त्याचा जोर जातो. भरतकामाचं रेशीम अनेक पदरी असतं, त्याचा एकच पदर सोडवून घ्यायचा. हे नारिंगी रेशीम ओलं झालं की गडद होतं, विटकरीकडे झुकतं. पेल्यात बघाल तेव्हा घाबरू नका, तो रंग तसाच हवा आहे.

पांढरं रेशीम असेल तर पुढे दुसऱ्या फ्लायसाठी पिवळा धागा घरी रंगवता येतो. सांगलीची हळद हाताशी असताना दुसरा रंग कशाला? उन्हात तो विटतो हे खरं, पण फ्लाय डबीत असते आणि डबी खिशात. मेण लावलं की तो पिवळा हिरवट, काळपट होतो. बऱ्याच नदीकिड्यांच्या अंगाचा तोच रंग.

मेण. धाग्याला लावायला. मधमाशीचंच घ्या, मेणबत्तीचं नको, ते भुसभुशीत असतं. आपल्याकडे महाबळेश्वर आहे, आणि तिथलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या बाजूला गेलात की मध घेताना मेणाचा एक खडा मागून घ्या. सुपारीएवढा खडा कित्येक वर्षं पुरतो.

पीस. मूळ फ्लायला इंग्लंडकडच्या पार्ट्रिज पक्ष्याचं तपकिरी ठिपक्यांचं पीस लागतं. आपला तितर दिसायला त्याच्या जवळचा, म्हणून कुणीतरी गावाकडून तितराची पिसं आणून देतो म्हणेल. घेऊ नका. तितराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि छंदासाठी रानातला पक्षी मारला जाणं मला मान्य नाही. त्याऐवजी देशी कोंबडीच्या मानेची आणि पाठीची पिसं घ्या, तपकिरी आणि ठिपकेदार बघून. कोंबडीच, कोंबडा नको. कोंबड्याच्या मानेचं पीस अरुंद आणि ताठ असतं, ते ड्राय फ्लायला तरंगायला उपयोगी. आपल्याला पाण्यात लवणारं मऊ पीस हवं.

चिकनच्या दुकानातून आणलेली पिसं कोमट पाण्यात साबणाने दोनदा धुवा, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा, मग पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. पिसातले बारीक किडे मरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तार. अंगावर बारीक चमक हवी असेल तर. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात छताच्या पंख्याच्या वायंडिंगची तांब्याची तार मिळते, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची. हातभर तुकडा मागितला तर कुणी पैसे घेत नाही.

हत्यारं

गळ धरायला व्हाइस लागतो. फ्लायसाठीचा खास व्हाइस उत्तम, पण मी पहिलं वर्ष वर्कशॉपमधल्या छोट्या हँड व्हाइसवर काढलं, टेबलाच्या कडेला आवळून. बारीक टोकाची कात्री घ्या आणि ती फक्त पिसा-धाग्यासाठी ठेवा, तार कापायला जुनी कात्री वेगळी. धाग्याला ताण राहावा म्हणून बॉबिन होल्डर मिळतो. तो नसेल तर पाऊण मीटर धागा तोडून घ्या आणि हात सोडायची वेळ आली की त्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवा. चिमट्याच्या वजनाने धागा ताणलेला राहतो, वेढे सुटत नाहीत. पिसाचं टोक धरायला लहानसा स्प्रिंगचा चिमटा, आणि एक सुई. शेवटच्या गाठीसाठी संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफील, टोक कापून.

बांधायला सुरुवात

गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा आकडा, पक्कडीने हळूच दाबून सपाट करा. मासा परत सोडायचा असेल तर त्याचं तोंड फाटत नाही, आणि आपल्या बोटात गळ गेला तरी निघतो. मग गळ वाकाशी धरून व्हाइसमध्ये आवळा. दांडी आडवी, जमिनीला समांतर. टिचकी मारा. गळ लवून परत जागेवर यायला हवा. वाकडाच राहिला तर टाकून द्या.

धाग्याला, म्हणजे त्या नारिंगी रेशमालाच, मेण लावा. खड्यावरून धागा दोन-तीनदा ओढला की पुरे. आता एक तुकडा हातात धरून मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. चार-पाच वेळा करा. कुठवर ओढायचं ते बोटांना कळतं, आणि बांधताना त्याच्या जरा अलीकडे थांबायचं.

गळाला पुढे जे भोक असतं त्याला मी सुईसारखं नेढंच म्हणते. नेढ्यामागे २ मिलिमीटर जागा मोकळी सोडून धाग्याची सुरुवात करा. टोक डाव्या हातात धरून त्याच्यावरच पाच-सहा वेढे चढवा, म्हणजे ते दबून बसतं. उरलेलं टोक कापा. ती २ मिलिमीटर जागा शेवटपर्यंत जपायची आहे. पीस आणि डोकं तिथे बसणार. नव्या माणसाच्या दहापैकी नऊ फ्लाय इथेच बिघडतात, अंग पुढे सरकत जातं आणि शेवटी नेढं बुजून जातं.

तार वापरणार असाल तर ती दांडीच्या खालच्या बाजूला लांबीने ठेवा आणि तिच्यावरूनच धागा मागे न्या. लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळायचो ती आठवा. वेढ्याला वेढा लागून, मध्ये फट नाही, वर चढलेला नाही. जाळी एका ठिकाणी चढली की भोवरा भेलकांडायचा. इथे एक वेढा वर चढला की रेशमात उंचवटा येतो आणि तो झाकायला आणखी धागा लागतो.

मागे किती जायचं? गळाच्या टोकाच्या बरोबर वर आलात की थांबा. वाकापर्यंत उतरू नका. या फ्लायचं अंग आखूड असतं, त्यातच तिचा डौल आहे. तिथून तशाच लागून वेढ्यांनी धागा पुढे आणा, सुरुवातीच्या जागेपर्यंत. झालं अंग. दोनच थर. जाडी पेनाच्या रिफीलपेक्षा पुष्कळ कमी दिसली पाहिजे.

आता तार चार-पाच मोकळ्या वेढ्यांनी पुढे आणा, रेशमाच्या उलट दिशेने. उलट गुंडाळली की ती रेशमाच्या वेढ्यांमध्ये रुतून दिसेनाशी होत नाही, आणि ट्राउटच्या दातांपासून रेशीम वाचवते. पुढे धाग्याने तीन वेढ्यांत बांधा. उरलेली तार कात्री न लावता मागेपुढे वाकवून तोडा.

पीस

इथे घाई नको. मी एका पिसासाठी कधी कधी दहा-बारा पिसं चाळते.

पीस नेढ्याशी धरून तंतू मागे वळवून मापा. तंतूंचं टोक गळाच्या वाकापर्यंत, फार तर वाकाच्या किंचित पलीकडे जावं. त्याहून लांब झाले तर मासा पिसालाच चावतो आणि गळ लागत नाही. बुडाशी असलेला भुरभुरीत कापूस ओढून टाका. मग पिसाचं टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू उलट्या दिशेने, बुडाकडे विंचरा. टोकाशी छोटा त्रिकोण उरेल. तो त्रिकोण म्हणजे बांधायची जागा.

पिसाला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि फुगीर, दुसरी फिकी आणि खोलगट. चकचकीत बाजू नेढ्याकडे येईल असं धरा. मग वेढा दिल्यावर तंतू आपोआप मागे झुकतात. उलटं बांधलं तर छत्री उलटी होते तसे पुढे उभे राहतात. पिसाचं टोक मोकळ्या जागेच्या मागच्या कडेला धाग्याच्या तीन वेढ्यांनी बांधा, वरचा त्रिकोण कापा.

चिमट्याने पिसाचा बुडखा पकडा आणि पहिला वेढा द्या. तंतू बोटांनी मागे घ्या. दुसरा वेढा पहिल्याच्या पुढे, आणि अर्ध्यावर थांबा. दीड. हात पुढे जायला बघतो, कारण पीस उरलेलं असतं आणि फ्लाय बोडकी दिसते. थांबा. अजून विश्वास बसत नसेल तर पीस बांधण्याआधीच त्याच्या एका बाजूचे सगळे तंतू काढून टाका, मग दोन पूर्ण वेढे दिले तरी भरगच्च होत नाही. मी भाच्याला तसंच करायला लावलं.

पिसाचा कणा धाग्याच्या दोन-तीन घट्ट वेढ्यांनी बांधा, उरलेलं पीस कापा. तंतू मागे धरून पुढे चार-पाच वेढ्यांचं लहानसं डोकं करा. आता रिफीलच्या तोंडाशी धाग्याचा एक वेढा घ्या, रिफील नेढ्यावर टेकवा आणि तो वेढा सरकवून डोक्यावर उतरवा, ओढा. अशा तीन गाठी. धागा कापा. सुईच्या टोकावर रंगहीन नेलपॉलिशचा बारीकसा थेंब घेऊन डोक्यावर लावा, आणि तो सुकायच्या आत कोरड्या सुईने नेढं मोकळं करा. नदीवर, थंडीत, बोटं बधिर झालेली असताना पॉलिशने बुजलेलं नेढं समोर आलं की काय होतं ते मी अनुभवलं आहे.

आता पेला. फ्लाय चिमट्यात धरून पाण्यात बुडवा, हळूहळू ओढा, थांबा, पुन्हा ओढा.

लोकर लावायची असेल तर

पाच-सहा साध्या फ्लाय जमल्या की पिसाच्या मागे लोकरीचा छोटा पुंजका देऊन बघा. तो तंतूंना मागून टेकू देतो आणि वेगवान पाण्यात ते अंगाला चिकटत नाहीत. तिकडे सशाच्या कानाची लव वापरतात. मी माण-खटावकडच्या मेंढीची काळी लोकर वापरते. धनगर कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात, ती मिळाली तर सर्वांत मऊ.

मेण लावलेल्या धाग्यावर लोकर बसवायची पद्धत आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेली आहे. आजी देवासाठी वाती वळते तशी. चिमूटभराचाही चौथा हिस्सा लोकर धाग्याला लावा आणि अंगठा व पहिलं बोट यांच्यामध्ये एकाच दिशेने वळा. पुढे-मागे केलंत तर वळलेलं उलगडतं. धाग्यावर धूळ बसल्यासारखी लोकर दिसली की पुरे. तिचे दोनच वेढे द्या, मग पीस.

बदकाच्या पिसाचे पंख लावलेल्या वेट फ्लायही फार देखण्या असतात. त्यांना डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांची जोडी जुळवून एका चिमटीत बांधावी लागते. दोन डझन स्पायडर होईपर्यंत तिकडे जाऊ नका.

पाण्यात

फेकायचा सराव मोकळ्या मैदानावर करा, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. नदीवर काठावरून समोर आणि थोडं खालच्या अंगाला, प्रवाहाशी साधारण ४५ अंशांत फेका. दोरी जेमतेम ताणलेली ठेवून फ्लायला प्रवाहाबरोबर कमानीत फिरू द्या. कमान संपताना, फ्लाय प्रवाहात आपल्या सरळ खालच्या अंगाला येऊन वर उचलली जाते तेव्हा, बऱ्याचदा मासा लागतो. त्या क्षणी झटका देऊ नका, हात फक्त वर घ्या.

जपणूक

साताऱ्याच्या पावसाळ्यात गळ गंजतात आणि पिसांना वास येतो. नदीवरून आल्यावर ओल्या फ्लाय डबीत बंद करू नका, रात्रभर उघड्यावर वाळवा. डबीत बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी टाका. न वापरलेली पिसं कापराच्या वडीबरोबर काचेच्या बरणीत ठेवा.

बिघडलेल्या फ्लायचा गळ फेकू नका. तो परत व्हाइसमध्ये लावा, ब्लेड दांडीच्या लांबीने बोटांपासून लांब जाईल अशा दिशेने फिरवा आणि सगळं एका झटक्यात सोलून काढा. नेढ्यात जुनं नेलपॉलिश अडकलं असेल तर सुईने टोकरून काढा. त्याच गळावर पुढची बांधा.